एकाच नावाची दोन फंक्शने



मंडळाच्या मागच्या बैठकीत संगणक कक्षाचा विषय निघाला तेव्हा एका ज्येष्ठ सदस्यांनी विचारले, "पूर्वीचे टर्बो सी काय वाईट होते? मुले प्रोग्रॅम टाइप करत, तो चालत असे. हे लिनक्स आल्यापासून पुस्तकातला प्रोग्रॅमसुद्धा चालत नाही म्हणतात. परत जुनेच का बसवत नाही?" प्रश्न रास्त होता. आम्ही "पुढच्या वेळी सविस्तर सांगतो" म्हणून वेळ मारून नेली, कारण सविस्तर उत्तरात आमची स्वतःची एक चूक सांगणे भाग होते आणि त्या दिवशी तेवढा धीर झाला नाही. तो हिशेब या पत्रकातून पुरा करतो.

आधी दोन गोष्टी स्पष्ट करतो. आम्ही संगणकाचे शिक्षक नाही. आमचे सारे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले, गणिताच्या वर्गात फंक्शनला 'फलन' म्हणत आम्ही पदवीपर्यंत पोहोचलो, आणि इंग्रजीत काही लाल अक्षरात उमटले की आजही आधी छातीत धस्स होते, अर्थ नंतर लागतो. दुसरी गोष्ट, पत्रक मराठी आहे म्हणून फंक्शनांची नावेही येथे देवनागरीतच दिली आहेत. कळफलकावर अर्थातच रोमन अक्षरे दाबायची.

शनिवारी दुपारी सी भाषेचा जो वर्ग चालतो तो अभ्यासक्रमाचा भाग नाही. पॉलिटेक्निकला, बीसीएला किंवा इंजिनीअरिंगला गेल्यावर मुलांना पहिल्याच वर्षी सी भेटते आणि तिथे आपली मुले बिचकतात, म्हणून तो सुरू केला. या वर्गातील अकरावीच्या एका मुलीने आपल्या ग्रंथालयातले कर्निघन आणि रिची यांचे पुस्तक नेले. सी भाषा ज्यांनी घडवली ते डेनिस रिची याचे एक लेखक. पहिली आवृत्ती १९७८ ची, दुसरी १९८८ ची. आपल्याकडची दुसरी आहे. पहिल्याच प्रकरणात मजकुरातली सर्वांत लांब ओळ शोधून छापणारा प्रोग्रॅम आहे. मुलीने तो अक्षर न अक्षर टाइप केला. कंपायलरने उत्तर दिले: एरर, कॉन्फ्लिक्टिंग टाइप्स फॉर गेटलाइन.

तिने सगळे पुसून पुन्हा टाइप केले. मग तिसऱ्यांदा केले. पुस्तक ज्यांनी भाषा घडवली त्यांचे, तेव्हा चूक आपलीच असणार, हा तिचा हिशेब. शेवटी ती आमच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. "सर, एक पण अक्षर चुकलेलं नाही." आम्ही जाऊन पाहिले, खरोखरच चुकलेले नव्हते. आम्ही मोठ्या आत्मविश्वासाने पहिला सल्ला दिला तो असा, की भांडण वरच्या एसटीडीआयओ डॉट एच या फाइलशी आहे असे दिसते, तर ती ओळच काढून टाक. ओळ काढली तेव्हा एकाच्या चार चुका झाल्या, कारण प्रिंटएफ आणि ईओएफ यांची ओळख कंपायलरला त्याच फाइलमधून होत होती.

तेव्हा कुठे आम्ही तो निरोप शब्दकोश घेऊन नीट वाचला. आणि पहिल्यांदाच आमच्या ध्यानात आले की निरोपाला दोन भाग असतात. वरचा भाग सांगतो की तुमच्या अमुक ओळीत टक्कर आहे. खाली 'नोट' म्हणून दुसरा भाग येतो: याच नावाची आधीची घोषणा अमुक फाइलच्या अमुक ओळीत आहे. मुले पहिला भाग पाहून घाबरतात आणि दुसरा वाचतच नाहीत. आम्ही आता वर्गात सांगतो, खालचा भाग आधी वाचा. भांडण कोणाशी आहे हे कळल्याशिवाय मिटवणार कसे?

घोषणा म्हणजे काय ते पालकांसाठी थोडक्यात सांगतो. फंक्शन म्हणजे नेमून दिलेले एक काम. ते वापरण्याआधी कंपायलरला तीन गोष्टी कळाव्या लागतात: त्याचे नाव काय, ते कोणते सामान घेते आणि काय परत देते. एवढे सांगणारी एक ओळ म्हणजे घोषणा, डिक्लेरेशन. प्रिंटएफसारखी जी कामे भाषेबरोबर तयार मिळतात त्यांना स्टँडर्ड लायब्ररी म्हणतात आणि त्यांच्या घोषणा हेडर फाइलमध्ये लिहून ठेवलेल्या असतात. आपण वर हॅश इन्क्लूड लिहिले की ती पूर्ण यादी आपल्या प्रोग्रॅमच्या डोक्यावर येऊन बसते, आपण त्यातले एकच फंक्शन वापरणार असलो तरी. आता पुस्तकातले गेटलाइन दोन गोष्टी घेते, ओळ ठेवायला जागा आणि जास्तीत जास्त किती अक्षरे ते. लायब्ररीतले गेटलाइन तीन गोष्टी घेते आणि तिसरी म्हणजे कोणत्या फाइलमधून वाचायचे ते. नाव एक, सामान वेगळे. कंपायलरने कोणाचे खरे मानायचे? तो कोणाचेच मानत नाही, थांबतो.

मुलीचा पुढचा प्रश्न आम्हाला फार आवडला. "सर, पण पुस्तक तर जुनं आहे. नाव आधी त्यांनी ठेवलं ना?" बरोबर. पुस्तकाने हे नाव १९७८ पासून वापरले. जीएनयूच्या मंडळींनी लिहिलेले गेटलाइन २००८ च्या पॉझिक्स प्रमाणकात गेले आणि २००९ पासून लिनक्सच्या लायब्ररीने ते सर्वांसाठी उघडे केले. म्हणजे मान ज्येष्ठतेचा असता तर पुस्तक जिंकले असते. पण हेडर फाइल घरमालकासारखी आहे, आणि आपला प्रोग्रॅम तिच्या घरात राहायला आलेला. पूर्वी नव्या सुनेचे नाव घरात आधीच कोणाचे असले तर तिचे बदलत असत. माणसांच्या बाबतीत ती पद्धत गेली हे उत्तम झाले. फंक्शनच्या बाबतीत मात्र ती पाळण्याला इलाज नाही. मुलीने गेटलाइनचे 'ओळ_वाचा' केले, घोषणेत, व्याख्येत आणि जिथे हाक मारली होती तिथे, अशा तीन ठिकाणी, आणि प्रोग्रॅम पहिल्या झटक्यात चालला. नाव रोमनमध्ये लिहिले पण शब्द मराठी ठेवला, ही तिचीच कल्पना.

पुस्तकातला प्रोग्रॅम जसाच्या तसा चालवून पाहायचा असेल तर आणखी एक वाट आहे. कंपायलरला आज्ञा देताना सी-९९ हे प्रमाणक पाळ असे सांगितले की नंतर आलेले गेटलाइन पडद्याआड राहते. पुस्तक वाचताना हे ठीक. स्वतःच्या कामात मात्र तुमचा प्रोग्रॅम उद्या दुसरा कोणी दुसऱ्या संगणकावर घेऊन बसेल आणि तुम्ही घातलेली अट त्याला ठाऊक नसेल.

एकाच नावाचा हा घोळ देवासकरांना नव्याने सांगायला नको. १७२८ मध्ये तुकोजीराव आणि जिवाजीराव या पवार बंधूंनी राज्य स्थापले, त्याच्या थोरली आणि धाकटी अशा दोन पात्या झाल्या. १८४१ नंतर दोघांचे कारभार वेगळे, पण राजधानीचे गाव एक आणि नावही एक. मुख्य रस्त्याच्या या बाजूला एकाचा अंमल, त्या बाजूला दुसऱ्याचा. पाण्याची आणि दिवाबत्तीची व्यवस्थासुद्धा निरनिराळी. नुसते 'देवास दरबार' म्हटले तर कोणता? म्हणून कागदोपत्री देवास सीनियर आणि देवास जूनियर लिहावे लागले. बरे, एवढ्यावर भागत नाही. देवासच्या थोरल्या पातीवर १८९९ पासून १९३७ पर्यंत तुकोजीराव पवार तिसरे होते आणि इंदूरला १९०३ पासून १९२६ पर्यंत तुकोजीराव होळकर तिसरे. दोघेही तुकोजीराव, दोघेही तिसरे, दोघेही एकाच काळातले, आणि मध्ये अंतर जेमतेम पस्तीस किलोमीटर. इंग्रज लेखक ई. एम. फॉर्स्टर १९२१ मध्ये ज्यांचे खाजगी सचिव होते ते पवार, आणि १९२६ मध्ये ज्यांनी गादी सोडली ते होळकर. आडनाव लावले नाही तर इतिहासाच्या पेपरात मुलांचे दोन गुण जातातच. संगीतातही तेच. बालगंधर्व, सवाई गंधर्व, छोटा गंधर्व आणि आपल्या देवासचे कुमार गंधर्व. नुसते 'गंधर्व' म्हटले तर चार घरची माणसे वळून पाहतील.

सी भाषेची अडचण अशी की तिथे नावाला आडनाव नसते. सी++ मध्ये त्यासाठी नेमस्पेस आहे, शिवाय सामान वेगळे असेल तर एकाच नावाची दोन फंक्शने तिथे सुखाने नांदतात. सीमध्ये दोन्ही सोयी नाहीत. सगळी नावे एकाच अंगणात. म्हणून आडनाव आपणच नावाच्या पुढे चिकटवायचे.

आता आमच्या चुकीकडे येतो.

माजी विद्यार्थी मेळाव्यासाठी धार आणि देवास दोन्हीकडची नावे, पत्ते गोळा करण्याचे काम आपल्या वर्गाने आणि देवासच्या मुलांच्या गटाने मिळून घेतले होते. प्रत्येक गावाची यादी वेगळ्या फाइलमध्ये, फाइलला गावाचेच नाव. मुख्य प्रोग्रॅम धारच्या मुलांनी लिहायचा, आणि यादीतली दुबार नावे काढून टाकणारे फंक्शन देवासच्या एका मुलाने. मुलगा हुशार आहे. 'काढून टाकणे' म्हणून त्याने फंक्शनचे नाव ठेवले रिमूव्ह. ते यादीचे नाव घेणार आणि काही परत देणार नाही. कंपायलरने त्याला अडवले: कॉन्फ्लिक्टिंग टाइप्स फॉर रिमूव्ह. त्याने फोन करून विचारले. आम्ही तोवर एका गेटलाइनच्या बळावर स्वतःला जाणकार समजू लागलो होतो. आम्ही विचारले, "खाली नोटमध्ये काय लिहिलंय?" तो म्हणाला, "सर, तिथे कॉन्स्ट कॅर पॉइंटर घेतो आणि इंट परत देतो असं आहे." आम्ही म्हणालो, "मग तू पण तसंच लिही. जुळलं म्हणजे झालं."

त्याने तसे केले. निरोप गेला. देवासला प्रोग्रॅम छान चालला.

पुढच्या शनिवारी धारच्या मुलांनी मुख्य प्रोग्रॅम चालवून पाहिला. देवासहून आलेली दुसरी फाइल जोडायची त्या दिवशी कोणाला सुचली नाही. एरवी असे झाले तर लिंकर, म्हणजे सगळे तुकडे शेवटी जोडणारा प्रोग्रॅम, तक्रार करतो की या नावाचे फंक्शन मला सापडत नाही, आणि काम तिथेच थांबते. येथे तो गप्प राहिला. कारण रिमूव्ह नावाचे फंक्शन त्याला सापडले. ते लायब्ररीत होतेच. त्या रिमूव्हचे काम ठरलेले आहे: ज्या नावाची फाइल सांगाल ती डिस्कवरून पुसून टाकायची. मुलांनी हाक मारली, रिमूव्ह, धार. आणि धारची सगळी यादी पुसली गेली. विचारणा नाही, कचरापेटी नाही, काही नाही.

तीन शनिवारांची मेहनत होती. बरीच नावे वहीत होती, ती मुलांनी पुन्हा टाइप केली. पण फोनवर सांगितलेले पत्ते सरळ संगणकात भरले होते, ते गेले. ज्या मुलीने ते एकेकाला फोन करून मिळवले होते ती आम्हाला काही बोलली नाही, त्यामुळे आम्हाला जास्त लागले. देवासच्या मुलाला तर वाटले की त्याच्या फंक्शननेच घात केला. आम्ही त्याला त्याच संध्याकाळी फोन करून सांगितले की बाळा, तुझे फंक्शन तिथे नव्हतेच, आणि तुला तसे लिहायला आम्ही सांगितले होते.

आता त्या निरोपाचा विचार करा. कंपायलर पहिल्याच दिवशी सांगत होता की हे नाव घेऊ नका, ते दुसऱ्याचे आहे. आम्ही त्याचे म्हणणे ऐकले नाही, त्याचे तोंड बंद केले. नाव तेच ठेवून वरचा साचा जुळवला आणि टक्कर दिसेनाशी झाली. आहे तिथेच होती. घोषणा जुळत नाहीत तोवर कंपायलर आपल्या बाजूने असतो. जुळवून टाकल्या की नाव आपले आणि काम दुसऱ्याचे, अशी स्थिती होते आणि सांगणारा कोणी उरत नाही. त्याऐवजी मुलाने नावाला नुसते एक आडनाव चिकटवले असते तर धारला लिंकरने अडवले असते, मुले चरफडली असती, दुसरी फाइल जोडली असती आणि यादी वाचली असती.

असाच एक छोटा प्रकार दुसऱ्या मुलाच्या बाबतीत झाला. त्याने गुणांची सरासरी पूर्णांकात आणायला राउंड नावाचे फंक्शन लिहिले. १९९९ च्या प्रमाणकापासून राउंड लायब्ररीत आहे, ते डबल घेते आणि डबलच परत देते; याचे फ्लोट घेऊन इंट देणारे. एरर आली नाही, नुसती वॉर्निंग आली, आणि वॉर्निंग म्हणजे वाचायची नसतेच असा मुलांचा समज. आठ दिवसांनी वर्गमूळ काढायला मॅथ डॉट एच जोडली तेव्हा तीच गोष्ट एरर होऊन उभी राहिली. मुलगा म्हणाला, "मॅथ डॉट एच खराब आहे." आठवडाभर झोपलेले भांडण जागे झाले इतकेच.

मॅथ डॉट एचची आणखी एक गंमत भूमितीवाल्यांसाठी. दोन बिंदूंमधले अंतर काढताना एक्स-वन, वाय-वन, एक्स-टू, वाय-टू ही नावे सगळेच ठेवतात. मेनच्या बाहेर, सर्वांत वर ठेवली तर एक्स-वन चालते आणि वाय-वन अडकते. कारण बेसेल नावाच्या गणितज्ञाच्या फलनांपैकी एकाचे नाव लायब्ररीत वाय-वन असे आहे. मेनच्या आत ठेवली तर अडचण येत नाही. शाळेच्या प्रोग्रॅममधले आवडते 'टोटल' आणि 'स्ट्रेंग्थ' यांचेही असेच. टीओ किंवा आयएस आणि पुढे लहान अक्षर, तसेच एसटीआर किंवा एमईएम आणि पुढे लहान अक्षर, अशी फंक्शनची नावे प्रमाणकाने भविष्यासाठी राखून ठेवलेली आहेत. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नव्या प्रमाणकाने हा नियम जरा सैल केला, पण सवय लावायची तर दूर राहण्याचीच लावावी.

ज्या पालकांनी १९९० च्या दशकात कुठे ना कुठे सी शिकली त्यांना टर्बो सीची निळी स्क्रीन आठवत असेल, आणि 'टाइप मिसमॅच इन रीडिक्लेरेशन' हा निरोपही. तो बहुधा लायब्ररीशी भांडण झाल्यामुळे येत नसे, आपलेच आपल्याशी झालेले असे. मेनमध्ये क्षेत्रफळ काढणाऱ्या फंक्शनला हाक मारली आणि फंक्शन खाली लिहिले, की कंपायलर वरून खाली वाचत येताना त्याला ते नाव अनोळखी. जुन्या नियमाप्रमाणे तो गृहीत धरी की हे इंट परत देत असावे. खाली येऊन पाहतो तो फ्लोट. झाली टक्कर. उपाय तेव्हाही हाच होता की मेनच्या वर एक ओळीची घोषणा लिहायची. १९९९ च्या प्रमाणकाने हे गृहीत धरणे बंद केले. जीसीसी कंपायलर तरीही बरीच वर्षे नुसती वॉर्निंग देत राहिला आणि मे २०२४ च्या चौदाव्या आवृत्तीपासून सरळ एरर देतो. काही जुन्या पुस्तकांत मॅलॉक किंवा एसक्यूआरटीची घोषणा हाताने लिहिलेली आढळते. ती लिहू नये. लायब्ररीची घोषणा लायब्ररीच्या हेडरमधूनच घ्यावी.

तर मग टर्बो सी परत बसवावे का? आमचे मत स्पष्ट नाही असे आहे. टर्बो सीबद्दल आम्हाला आकस नाही. नागपूरच्या यशवंत कानेटकरांच्या 'लेट अस सी' ने आणि त्या निळ्या स्क्रीनने मिळून देशभरातली एक पिढी शिकवली, आणि एका मराठी माणसाचे पुस्तक मुलांच्या हाती असे याचा आम्हाला अभिमानच आहे. पण टर्बो सी १९८७ मध्ये आले, डॉससाठी. त्यात इंट बत्तीस हजार सातशे सदुसष्टच्या पुढे जात नाही, आणि आजच्या संगणकावर ते चालवायला डॉसबॉक्सची कुबडी द्यावी लागते. त्यात पुस्तकातला गेटलाइन चालतो तो टर्बो सी शहाणे म्हणून चालत नाही. नवीन गेटलाइन त्याच्या जन्मानंतरचा आहे एवढेच कारण. आणि फाइल पुसणारे रिमूव्ह त्यातही होतेच, म्हणजे आमची यादी तिथेही वाचली नसती. आपली मुले कॉलेजात जातील तेव्हा तिथे लाल अक्षरे येणारच. ती येथे, आपल्या माणसांत, आधी पाहिलेली बरी.

एका विश्वस्तांनी असेही सुचवले होते की मुलांना इंग्रजी निरोप कळत नाहीत, तर शिक्षकांनीच ते सोडवून द्यावेत. हे सुचवण्यामागची माया कळते. आम्ही स्वतः त्याच वाटेने आलो आहोत. पण कॉन्फ्लिक्टिंग, प्रीव्हियस, डिक्लेरेशन, अनडिफाइन्ड, रेफरन्स अशा पंधरा-वीस शब्दांतच हे निरोप फिरतात. तेवढे शब्द मराठी आणि हिंदी अर्थांसह आम्ही कक्षाच्या भिंतीवर लावले आहेत. यादी त्या अकरावीतल्या मुलीने केली. अर्थात एक-दोन ठिकाणी मराठी शब्द चांगला की हिंदी यावरून आमचाच तिच्याशी वाद झाला आणि ती जिंकली.

नावांचे काय करायचे ते मुलांनीच ठरवले आणि आम्हाला ते इतके पसंत पडले की आता तोच कक्षाचा नियम आहे. धारच्या मुलांनी लिहिलेल्या प्रत्येक फंक्शनच्या नावापुढे एमपी-११ आणि देवासच्या मुलांच्या नावापुढे एमपी-४१, गाड्यांच्या पाटीवर असते तसे, फक्त मधल्या आडव्या रेघेशिवाय, कारण सीमध्ये ती वजाबाकी होते. त्यानंतर खालची रेघ, मग कामाचे नाव. रिमूव्ह आता 'एमपी४१_दुबार_काढा' आहे. एकदा दोन्हीकडच्या मुलांनी 'यादी_छापा' हेच नाव ठेवल्यामुळे जोडताना 'मल्टिपल डेफिनिशन' आले होते, तेही या पाटीमुळे मिटले. जे फंक्शन एकाच फाइलपुरते आहे त्याच्या आधी स्टॅटिक लिहायचे, म्हणजे ते दुसऱ्या फाइलच्या वाटेत येत नाही. मात्र हेडरमधले नाव असेल तर स्टॅटिकनेही सुटका नाही, तिथे नावच बदलावे. वॉर्निंग असलेला प्रोग्रॅम पूर्ण झाला असे वर्गात धरत नाही. आणि यादीच्या फाइलची प्रत पेनड्राइव्हवर ठेवल्याशिवाय प्रोग्रॅम चालवायचा नाही. हा शेवटचा नियम आमच्यासाठी जास्त आहे.

विश्वस्त मंडळाकडे टर्बो सीऐवजी आमची मागणी लहान आहे. कर्निघन आणि रिची यांच्या पुस्तकाची आणखी एक प्रत, कारण आहे ती आता एकाच मुलीकडे असते, आणि शनिवारी वीज गेली तर काम जाऊ नये म्हणून दोन संगणकांना यूपीएस.

माजी विद्यार्थ्यांना एक विनंती. मागच्या दिवाळीनंतर ज्यांनी धारच्या यादीसाठी फोनवर आपले पत्ते सांगितले होते त्यांनी कृपया ते पुन्हा कळवावेत. शनिवारी दुपारी दोन ते चार या वेळात शाळेच्या कार्यालयात फोन केल्यास तीच मुलगी उचलेल. ती आता आधी वहीत लिहून घेते.